मढ्याचं वजन

(वाचनालयात ‘सिनेमा आणि आपण’ या विषयावर झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. चार वाक्यं कागदावर नीट केली, बाकी बोली गोदीचीच ठेवलीय.)

मघाशी प्राध्यापक साहेब बोलले. चांगलं बोलले. ‘सत्या’ म्हंजे हिंदी सिनेमातला मैलाचा दगड, मुंबईच्या गुन्हेगारी जगाचं पहिलं खरंखुरं दर्शन, वास्तववाद वगैरे. मी दहावी शिकलेला माणूस. गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. साहेबांइतके सिनेमे मी पाहिलेले नाहीत. पण रामगोपाल वर्माचे जे पाहिलेत ते दोनदोनदा, तीनतीनदा पाहिलेत आणि मला ते आवडत नाहीत. का आवडत नाहीत तेवढंच सांगायला उभा राहिलोय. मधे कुणी शिट्टी मारली तरी चालेल.

आधी एक शब्द साफ करू. गँग. हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पिस्तूल, चॉपर, काळा चष्मा. आमच्या गोदीत गँग म्हंजे हॅचमध्ये उतरणारी टोळी. आठ-दहा माणसं, वर क्रेनवाला, खाली आम्ही. एकाचा हात चुकला तर दुसऱ्याचा पाय जातो. आमच्या आजोबांच्या वेळेपासून मुंबईच्या धक्क्यावर गँग हा शब्द कामाचा आहे. सिनेमावाल्यांनी तो उचलला आणि त्यातलं काम काढून टाकलं. माझं सगळं भांडण इथून सुरू होतं.

मी आणि ‘सत्या’ एकाच वर्षाचे. १९९८. बारा वर्षांचा होतो तेव्हा चाळीत शेजारच्यांच्या टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला. खोटं कशाला बोलू, वेडा झालो होतो. भिकू म्हात्रे समुद्राच्या कडेला खडकावर उभा राहतो, हात पसरून ओरडतो की या मुंबईचा राजा कोण. आम्ही पोरं शिवडीच्या खाडीकडे जाऊन चिखलात उभी राहून तसंच ओरडायचो. समोर बंद पडलेली जहाजं, मागे रेल्वेचे रूळ, पोटात वडापाव आणि आम्ही मुंबईचे राजे! त्या वयात कुणी आपल्याला राजा म्हणत नसतं. पडद्यावरचा एक माणूस आपल्यासारख्या तोंडाचा, आपल्यासारखं बोलणारा, बायकोच्या हातची थप्पड खाऊन हसणारा. तो ओरडला की आपण ओरडल्यासारखं वाटायचं. मनोज बाजपेयी काय साधा नट आहे? त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाय मिळाला. आणि शेफाली शहाची प्यारी! ती बाई पडद्यावर आली की खरं घर दिसतं.

म्हंजे मला त्या सिनेमातलं काही कळत नाय असं नाय. कळतं म्हणूनच राग येतो.

२०२५ च्या जानेवारीत ‘सत्या’ परत थेटरात लागला. शिफ्ट संपवून गेलो, तिकीट काढलं आणि पाठीचा काटा दुखत असताना खुर्चीत बसून पाहिला. या वेळी दुसरंच काही दिसलं.

सत्या मुंबईत येतो. कुठून येतो, कोण आईबाप, कुठली जात, कुठलं गाव, काही नाय. समीक्षकांना हे फार आवडलं. म्हणे त्याला भूतकाळ नाही, तो या शहराचा प्रतीकपुरुष आहे. अहो साहेब, बिनभूतकाळाचा माणूस मुंबईत एक रात्र काढून दाखवा! खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा. मुकादम कामावर घेताना विचारतो कुठल्या गावचा, कोणाचा. सत्याला कुणी विचारत नाय. तो तबेल्यात राहतो, बारमध्ये काम करतो, एवढं पाच-दहा मिनिटं दिसतं. मग वस्तरा निघतो, मग तुरुंग, मग भिकू, आणि त्यानंतर अख्ख्या सिनेमात कुणाच्या अंगाला कामाचा घाम येत नाय. शहर दाखवलंय चाळीचं, पावसाचं, गल्लीबोळाचं. राबणारा माणूस मात्र मागच्या भिंतीसारखा. कॅमेरा त्याला घासून पुढे जातो.

तुम्ही म्हणाल, बाबा, तो गुंडांचा सिनेमा आहे, त्यात हमाल कशाला पाहिजे? पाहिजे. कारण गुंड आभाळातून पडलेला नाय. १८ जानेवारी १९८२ ला या शहरात गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप चिरडला, गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळ-शिवडीच्या खोल्यांतून चुली विझल्या आणि त्या खोल्यांतल्या बेकार पोरांना टोळ्यांनी उचललं. मग गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. १९९४ साली एका गिरणीच्या मालकालाच महालक्ष्मीजवळ भररस्त्यात गोळ्या घातल्या. मालक, बिल्डर, पुढारी, टोळीवाला सगळे एका पाटावर जेवायला बसले होते. हे आहे मुंबईच्या गुन्हेगारीचं पोट. वर्मानं आपल्याला तिचा चेहरा दाखवला, पोट झाकून ठेवलं. आणि समीक्षक म्हणाले, वा, काय वास्तव!

जुना ‘दीवार’ घ्या. १९७५ चा. त्यातला विजय गोदीत हमाल आहे, दंडावर ७८६ चा बिल्ला आहे. बाप युनियनचा पुढारी, मालकानं त्याला मोडलेला. पोराच्या हातावर लोकांनी गोंदवलं की माझा बाप चोर. तो सिनेमा भडक आहे, खोटाही आहे, गोदीतून माणूस अर्ध्या तासात बाहेर पडून कोट घालतो. पण निदान हप्ता कोण घेतं, कोणाच्या मजुरीतून घेतं, तो द्यायला नकार दिला तर काय होतं, एवढं तरी कळतं. सलीम-जावेदनी रागाला कारण दिलं होतं. तेवीस वर्षांनी वर्मानं कारण कापून टाकलं आणि नुसता राग ठेवला. त्याला नवा सिनेमा म्हणाले.

आता मुख्य गोष्टीवर येतो. वजन.

आमचं काम वजनाचं आहे. पन्नास किलोची गोण पाठीवर कशी बसते ते पाठीला कळतं. स्टीलची कॉइल पंधरा-वीस टनांची, ती हवेत लटकली की खालचा माणूस बोलायचा बंद होतो. वजनाचा मान ठेवावा लागतो. ज्यानं ठेवला नाय तो राहिला नाय. एकदा स्लिंग सरकली आणि आमच्यातला एकजण गेला. कामावर लागून तीन महिने झालेले. काम दोन तास थांबलं, मग परत सुरू झालं. त्याच जागेवर पाणी मारलं आणि आम्ही उतरलो. मी ती जागा आजही ओलांडत नाय, वळसा घालतो.

आणि माझा मावसभाऊ. २०१८ साल. एकोणीस वर्षांचा. भिकू म्हात्रेची नक्कल आमच्या अख्ख्या वाडीत त्याच्यासारखी कुणी करायचं नाय. तोच आवाज, तशीच मान वर. एका गल्लीतल्या दादाच्या मागे लागला, गाड्यांवरून हप्ता गोळा करायला. दादाला वाटलं पोरगं पैसे खातंय. चॉपरने मारला. पोटात. हॉस्पिटलच्या खालच्या खोलीतून बॉडी आम्ही चौघांनी उचलली, गाडीत घातली, चाळीत आणली. आमच्या चाळीचा जिना अरुंद, वळणावर बाज फिरत नाय, म्हणून मी त्याला खांद्यावर घेतला. रोज गोणी उचलणारा मी. पोरगं काडीसारखं होतं, पन्नास किलो पण नसेल. दुसऱ्या मजल्यावर माझे पाय लटलटले. वर दारात मावशी उभी. ती रडत नव्हती. तिनं त्याला जमिनीवर ठेवताना हात लावला आणि मला विचारलं, ‘एवढा जड कसा झाला रे हा?’

मित्रांनो, पडद्यावरचं मढं हलकं असतं. गोळी लागते, माणूस पडतो, सीन कापला. त्याला कुणी उचलत नाय. जिन्यावरून कुणी नेत नाय. फरशी कुणी पुसत नाय. त्याच्या आईला काय विचारायचं असतं ते कुणी ऐकत नाय. वर्माचे सिनेमे तर अशा हलक्या मढ्यांनी भरलेले आहेत.

‘सत्या’मधला तो थेटरचा सीन आठवा. सत्या विद्याला घेऊन सिनेमाला गेलाय. पोलिसांना खबर लागते. इन्स्पेक्टर सगळे दरवाजे बंद करायला लावतो, एकच उघडा ठेवतो. आपण पकडले जाणार हे सत्याला कळतं. तो गोळी झाडतो आणि चेंगराचेंगरी उडते. माणसं माणसांना तुडवतात. किती बायका, किती लेकरं? तिकीट काढून दोन घटका सुखाला आलेली साधी माणसं. आणि आपण खुर्चीत बसून काय बघत असतो? सत्या सुटतो की नाय! विद्याला कळतं की नाय! कॅमेरा आपल्याला सत्याच्या खांद्यावर बसवतो आणि त्या मढ्यांवरून चालवत बाहेर काढतो. आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. मी पण टाकला होता, बारा वर्षांचा असताना. या वेळी मला लाज वाटली.

आता बघा, भाऊ जाधवसारखा पुढारी... चुकलो, झावळे, भाऊ झावळे. निवडणूक जिंकल्यावर आनंदाच्या भरात बोलावून भिकूच्या डोक्यात गोळी घालतो. थेटरात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी रडलो. म्हंजे मढ्याला वजन कसं द्यायचं हे या दिग्दर्शकाला चांगलं येतं. उत्तम येतं! मग ते वजन फक्त भिकूला का? थेटरात तुडवून मेलेल्यांतल्या एकाला तरी नाव का नाय? ज्याच्या हातात पिस्तूल त्याच्या मरणाला संगीत, आणि ज्याच्या हातात सिनेमाचं तिकीट तो नुसता आकडा. याला मी वास्तव मानत नाय. ही दादाची नजर आहे. दादा पण अशीच माणसं मोजतो.

वर दारू पिऊन नाचत डोक्यात गोळी घालायचं ते गाणं. विसर्जनाला, वरातीला, अजून वाजतं. वाजवा. मी पण नाचलोय. आता पाय उचलत नाय.

पुढचं भरभर सांगतो. २००२ चा ‘कंपनी’. गुन्हा म्हंजे धंदा, नफा-तोटा, असं सांगत सुरू होतो. मला वाटलं आता खरं बोलणार. पण कंपनी म्हटली की कुणी राबतो आणि कुणी नफा खातो. इथे नुसते दोन भागीदार, मलिक आणि चंदू, आणि त्यांची मैत्री तुटते त्याचं दुःख. एका जागी गाडीत लेकरं आहेत म्हणून चंदू हात आखडतो. तेवढा एक क्षण मला वजनाचा वाटला. पण तोही शेवटी दोन दादांच्या भांडणाच्या कामी आला.

२००५ चा ‘सरकार’ तर सरळ ‘गॉडफादर’ला हात जोडून सुरू होतो. एका बापाच्या पोरीवर बलात्कार झालाय, कोर्टानं न्याय दिला नाय, म्हणून तो सुभाष नागरेच्या पायाशी येतो आणि नागरेची माणसं त्या गुन्हेगाराला झोडतात. थेटर टाळ्या वाजवतं. हा नागरे कुणाकडे बघून रंगवलाय ते शेंबड्या पोराला पण कळतं. अमिताभची बशीतली चहा, बाल्कनी, खालची गर्दी, सगळं मंदिरासारखं चित्रित केलेलं. आता आपल्या लोकांनी सांगावं, असल्या बाल्कनीखाली आपण कधी न्याय मागायला उभे राहिलो? १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत काय पेटलं ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. १० जानेवारीला मोर्च्यात भागवत जाधवच्या डोक्यात वरून दगड घातला. त्या दगडाला वजन होतं. कायद्याच्या वर बसलेला बाप माणूस ज्यांना दिलासा वाटतो त्यांना वाटो. आपल्याकडे कोर्ट आणि संविधान सोडलं तर दुसरं काय आहे? ते पण नीट चालत नाय, पण ते सोडून बाल्कनीखाली जायचं?

आणि आता १९९७. ही गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलीय.

गुलशन कुमारचा खून १२ ऑगस्ट १९९७ ला झाला. त्या खुनानंतर आपल्याला हा सिनेमा सुचला असं वर्मा सांगत आलाय. ठीक. माणूस मारला गेला, वाईट झालं, त्यावरून सिनेमा सुचला. पण त्याच वर्षात याच शहरात दुसऱ्याही गोळ्या सुटल्या होत्या. १६ जानेवारीला पवईत डॉक्टर दत्ता सामंतांना भाडोत्री मारेकऱ्यांनी गोळ्या घालून मारलं. गिरणी संपाचा पुढारी, कामगारांचा डॉक्टर. ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं मेली. चार दिवसांनी आपला शाहीर विलास घोगरे यानं स्वतःला संपवलं. २००९ साली गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टानं जन्मठेप सुनावली, म्हंजे कोर्टानंही ते मान्य केलं.

जानेवारी, जुलै, ऑगस्ट. एका वर्षात तीन वेळा. त्यातला एकच आवाज सिनेमावाल्याच्या कानात शिरला, कारण तो त्याच्या धंद्याच्या दारात झाला. मी त्याला दोष देत नाय, ज्याची त्याची भीती. पण मग त्याला मुंबईचं वास्तव म्हणू नका, सिनेमावाल्यांच्या भीतीचं वास्तव म्हणा. बरं, त्या सिनेमात पोलीस कमिशनर आपल्या माणसांना गुंड टिपायला मोकळं सोडतो आणि आपण ‘शाब्बास’ म्हणतो. पुढे २००४ ला ‘अब तक छप्पन’ आला, दिग्दर्शन दुसऱ्याचं, पैसा वर्माचा, हिरो एन्काउंटरवाला. ज्या शहरात आदल्याच वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं गेली, तिथल्या थेटरात पोलिसांचे हात बांधलेत म्हणून आम्ही हळहळत होतो. काय म्हणावं याला!

कुणी म्हणेल, तू हिंसा दाखवायलाच नको म्हणतोस. अजिबात नाय. आपलं जगणं हिंसेनं भरलेलं आहे, ती दाखवलीच पाहिजे. पण कशी? ‘सैराट’चा शेवट आठवा, २०१६. माहेरची माणसं येतात, भेटवस्तू आणतात, चहा पितात. खून होताना आपल्याला दाखवतच नाय. मग शेजारीण बाळाला घेऊन येते. बाळ आत जातं, परत फिरतं आणि त्याची लाल पावलं उमटत जातात. आवाज बंद. आमच्या वाडीत तो सिनेमा पाहून आलेली पोरं दोन दिवस गप्प होती. झिंगाटवर नाचून आलेली पोरं! नागराज मंजुळेनं त्या शेवटात एक पिस्तूल न झाडता मढ्याचं वजन आपल्या छातीवर ठेवलं. आणि रमाबाई नगरवर आनंद पटवर्धननं ‘जय भीम कॉम्रेड’ केला, चौदा वर्षं लागली, २०११ ला पुरा झाला. त्यात मेलेल्यांच्या घरात कॅमेरा जातो, बसतो, ऐकतो. तिथे कुणी आकडा नाय.

जानेवारीत ‘सत्या’ परत लागला तेव्हा वर्मानं जाहीर लिहिलं की तो सिनेमा इतक्या वर्षांनी बघून मला रडू आलं. यशाच्या नशेत मी वाट चुकलो, असंही लिहिलं. माणूस खरं बोलला, त्याचा मान ठेवतो. पण कशासाठी रडला? आपल्या हरवलेल्या कलेसाठी. त्या थेटरच्या जमिनीवर पडलेल्यांसाठी रडू आलं असतं तर मी त्याला पत्र लिहिणार होतो.

तर साहेबांना माझं एवढंच म्हणणं आहे. तुम्ही त्या सिनेमाचा कॅमेरा शिकवा, संकलन शिकवा, अभिनय शिकवा. पण कॉलेजातल्या पोरांना एकदा हे पण विचारा की या सिनेमात मेलेल्यांना उचललं कुणी. आणि इथे बसलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या पोरांनो, खडकावर उभे राहून ओरडा, माझी ना नाय. मी ओरडलोय. फक्त ओरडून झालं की घरी या. आमच्या चाळीचा जिना फार अरुंद आहे, आणि मला परत कुणाला खांद्यावर घेऊन चढायचं नाय.

सकाळची शिफ्ट आहे. थांबतो.

जयभीम.